बोयाकीला नोंदवही का नव्हती?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले होते. सातवीतल्या एका मुलाने इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाइनची नळी आणि पुठ्ठा यांपासून यांत्रिक हात बनवला होता. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की पाण्याच्या दाबाने दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या पुढे सरकतो आणि हात उचलला जातो, अशी रचना. माझ्यासमोर मात्र तो हात जागचा हलेना. मुलाने दोनदा दट्ट्या दाबला. नळीच्या जोडापाशी पाण्याचा एक थेंब दिसला, एवढेच. शेजारी उभे असलेले सर अजिजीने म्हणाले, "काल अगदी छान चालत होतं हो, मॅडम." मुलगा खाली बघत राहिला. मी ‘प्रत्यक्ष कार्य’ या रकान्यात दहापैकी दोन गुण लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

परतताना एस. टी. मध्ये मला बोयाकीची आठवण झाली. हा बोयाकी म्हणजे एका जुन्या जपानी चित्रमालिकेतला खलनायकांचा इंजिनिअर. दर आठवड्याला एक प्रचंड यंत्र बांधायचे आणि दर आठवड्याला त्याचा चक्काचूर झालेला बघायचा, हे त्याचे काम. मालिका विनोदी, लहान मुलांसाठीची. तिच्यात विज्ञान शोधायला जाऊ नये असे कोणीही म्हणेल. मला मात्र विज्ञानाच्या शिक्षकांनी ती एकदा नीट तपासावी असे वाटते, आणि त्यासाठीच हा लेख.

मालिकेची ओळख

2008 साली संशोधनाच्या निमित्ताने मी जपानमध्ये त्सुकुबा येथे राहत होते. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्या वर्षी ‘यात्तामान’ नावाची मालिका नव्याने सुरू झाली होती आणि तो ती डोळे विस्फारून बघत असे. त्याच्या वडिलांनी मला सांगितले, "ही नवी आवृत्ती. खरी मालिका आमच्या लहानपणची." आणि भाषा शिकायला उपयोगी पडेल म्हणून जुन्या मालिकेच्या काही डीव्हीडी माझ्या हाती ठेवल्या. भाषा किती आली ते सोडा, मालिका मात्र डोक्यात राहिली.

मूळ ‘यात्तामान’ 1 जानेवारी 1977 ते 27 जानेवारी 1979 या काळात जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर दर शनिवारी संध्याकाळी दाखवली जाई. एकूण भाग 108. निर्मिती तात्सुनोको या संस्थेची आणि मुख्य दिग्दर्शक हिरोशी सासागावा. ‘यात्ता’ हा जपानी उद्गार आहे. आपण ‘जमलं!’ म्हणतो तसा. तेव्हा मालिकेच्या नावाचा अर्थ साधारण ‘जमलंवाले’ असा घ्यायला हरकत नाही.

महाकाय यंत्रमानव ही जपानी मुलांची जुनी आवड आहे. ‘तेत्सुजिन 28’ या 1956 पासूनच्या चित्रकथेत एक मुलगा दूरनियंत्रकाने लोखंडी राक्षस चालवतो. 1972 च्या ‘माझिंगर झेड’ मध्ये मुलगा यंत्रमानवाच्या डोक्यातच जाऊन बसतो आणि 18 मीटर उंचीचे ते धूड चालवतो. या मालिका गंभीर असतात. त्यांत जगावर संकट येते, नायक दात-ओठ खातो, यंत्रमानव शत्रूला चिरडतो. ‘यात्तामान’ने हीच सगळी सामग्री घेतली आणि तिची टिंगल केली.

इथे यंत्रमानव माणसाच्या रूपातला नाहीच. तो आहे एक भलामोठा कुत्रा, ‘यात्तावान’. ‘वान’ म्हणजे जपानी कुत्र्याचे भुंकणे. खेळण्यांच्या दुकानदाराचा तेरा वर्षांचा मुलगा गान वडिलांनी अर्धवट सोडलेला हा कुत्रा पुरा करतो. त्याची मैत्रीण आय ही बारा वर्षांची, विजेच्या सामानाच्या दुकानदाराची मुलगी. दोघे मुखवटे चढवतात आणि कुत्र्याच्या अंगाला बाहेरून लटकून लढाईला निघतात. गानचे शस्त्र म्हणजे ‘केंदामा’, दोरीला बांधलेला चेंडू दांड्यावर झेलण्याचे जपानी खेळणे. सोबतीला सोंगटीच्या फाशासारख्या आकाराचा एक चिमुकला यंत्रमानव.

समोर तिघांची टोळी. प्रमुख दोरोन्जो ही बाई, इंजिनिअर बोयाकी आणि पैलवान तोन्झुरा. नावांतही गंमत आहे. ‘बोयाकी’ म्हणजे कुरकुर आणि ‘तोन्झुरा’ म्हणजे पळ काढणे. आपल्याकडच्या मुलांना ‘डोरेमॉन’ चांगलाच ठाऊक आहे. जपानी ‘डोरेमॉन’मध्ये 1979 ते 2005 पर्यंत नोबिताला आवाज देणाऱ्या नोरिको ओहारा याच दोरोन्जोचा आवाज, आणि जियानला आवाज देणारे काझुया तातेकाबे हेच तोन्झुराचा. रडका नोबिता आणि टोळीची ही तोऱ्यातली प्रमुख एकाच गळ्यातून निघतात हे ऐकून मुलांना नक्की मजा वाटेल.

एक भाग पाहिला की सगळे पाहिले

प्रत्येक भागाचा साचा ठरलेला आहे. आधी टोळी कुठेतरी फसवणुकीचे दुकान थाटते. काहीतरी भंपक माल विकून लोकांना लुबाडते. त्या पैशातून बोयाकी एक प्रचंड यंत्र बांधतो. यंत्राला मालिकेत ‘मेका’ म्हणतात. मेकॅनिझम या शब्दाचे ते जपानी लघुरूप. दोकुरोबे नावाचा त्यांचा अदृश्य मालक एका गूढ कवटीशिलेचा तुकडा कुठे आहे ते सांगतो. त्याचे चार तुकडे जोडले की जगातल्या सगळ्यात मोठ्या सोन्याच्या साठ्याचा पत्ता लागणार असतो. टोळी निघते, यात्तामान मागे लागतात, कुत्रा आणि बोयाकीचे यंत्र यांची लढाई होते. कुत्रा हरत येतो. मग गान त्याच्या तोंडात हाडकासारखा एक खाऊ टाकतो. कुत्र्यात बळ येते, आणि त्याच्या तोंडातून छोट्या छोट्या यंत्रांची पलटण शिस्तीत चालत बाहेर पडते. ही छोटी यंत्रे शत्रूच्या यंत्रात शिरतात आणि त्याचे तुकडे करतात. कवटीच्या आकाराचा धूर उठतो. टोळी फाटक्या कपड्यांनिशी तीन जणांच्या सायकलवरून पळते आणि मालकाकडून शिक्षा भोगते. पुढच्या शनिवारी पुन्हा हेच.

एवढे ऐकल्यावर विज्ञानाचा शिक्षक हातात खडू घेतो. मीही घेतला होता.

खडूने केलेली टीका

समजा आपल्याकडे 30 सेंटिमीटर उंचीचा, दीड किलो वजनाचा खेळण्यातला कुत्रा आहे. तो नीट चार पायांवर उभा राहतो. आता त्याची लांबी, रुंदी, उंची सगळे वीसपट करू. कुत्रा 6 मीटर उंच झाला. त्याचे आकारमान 20 × 20 × 20, म्हणजे 8000 पट झाले. सामान तेच असेल तर वजनही 8000 पट, म्हणजे 12,000 किलो, अर्थात 12 टन. हे वजन पेलणाऱ्या पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र 20 × 20, म्हणजे 400 पटच वाढले. तेव्हा पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा भार वीसपट झाला. खेळण्यात जे प्लास्टिक निवांत उभे होते ते इथे चेपून जाईल. हत्तीचे पाय हरणासारखे नसून खांबासारखे का असतात त्याचे उत्तर हेच आहे. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाडांची चित्रे काढून हा मुद्दा मांडला होता.

याचा एक अलीकडचा पुरावाही देता येतो. जपानमधल्या योकोहामा बंदरावर डिसेंबर 2020 ते मार्च 2024 या काळात ‘गुंडाम’ या प्रसिद्ध यंत्रमानवाची 18 मीटर उंचीची, खरोखर हलणारी प्रतिकृती उभी होती. वजन सुमारे 25 टन. ती पाय उचले, गुडघा टेके, बोटे हलवी. पण तिला मागून कमरेपाशी एका भक्कम पोलादी रचनेने धरून ठेवले होते. तिचे वजन तिच्या पायांवर नव्हते. खरे इंजिनिअर कामाला लागले की महाकाय यंत्रमानव असा टेकू घेऊन उभा राहतो. योगायोग असा की मूळ ‘गुंडाम’चा आराखडा करणारे कुनिओ ओकावारा यांनीच त्याआधी ‘यात्तामान’च्या यंत्रांचे आराखडे केले होते.

ही टीका बरोबर आहे. ती करायला सोपी आहे आणि वर्गात उपयोगीही आहे. पण ती इथेच थांबवली तर आपण मालिकेवर अन्याय करतो. कारण लढाईचा शेवट पुन्हा बघा. महाकाय कुत्रा आपल्या आकाराने जिंकतो का? एकदाही नाही. तो हरायला टेकतो, आणि विजय मिळतो तो त्याच्या पोटातून निघालेल्या छोट्यांना.

छोट्यांचा जय

आपलेच गणित उलटे चालवू. एखादे यंत्र दहापट लहान केले तर त्याचे वजन हजारपट कमी होते, पण पायाचा किंवा स्नायूचा छेद शंभरपटच कमी होतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने ते दहापट बळकट झाले. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे नेते त्यामागे काही जादू नाही, तिचे लहानपण आहे. गंभीर मालिकांनी ‘मोठे म्हणजे बलवान’ हे समीकरण मुलांच्या मनात पक्के केले. या टिंगलखोर मालिकेने 108 आठवडे त्याच्या उलट दाखवले. लेखकांनी गॅलिलिओ वाचून हे केले असे मी म्हणणार नाही. भल्यामोठ्या गड्याला चिलटांनी हैराण करावे यात मुळातच विनोद आहे, आणि त्या विनोदाच्या मागे जाता जाता ते खऱ्या नियमाच्या दारात पोचले.

आज यंत्रमानवशास्त्रात ‘थवा’ ही संशोधनाची एक मोठी शाखा आहे. 2014 साली हार्वर्ड विद्यापीठातील राधिका नागपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाण्याएवढ्या 1024 यंत्रांचा थवा तयार केला. कोणीही एक मुकादम नाही. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यांचे अंतर बघून हलते आणि सगळी मिळून सांगितलेला आकार बनवतात.

मात्र मालिका इथे एक गोष्ट लपवते, आणि ती शिक्षकाने सांगितली पाहिजे. लहान होण्याचीही किंमत असते. लहान यंत्रात बॅटरीला जागा कमी, म्हणून ते लवकर थकते. त्याला खडा म्हणजे डोंगर आणि उंबरठा म्हणजे कडा. हार्वर्डच्या थव्याला एक तारा काढायला जवळजवळ बारा तास लागले. यात्तामानची पलटण तेच काम मिनिटभरात उरकते. शिवाय एका हाडकाएवढ्या खाऊतून इतकी यंत्रे निर्माण झाली असतील तर त्यांचे वस्तुमान आले कुठून? मुलांना हा प्रश्न विचारावा. कोणी म्हणेल, "यंत्रं आधीच पोटात होती, खाऊनं फक्त दार उघडलं." हे उत्तर चांगले आहे. मग पुढचा प्रश्न : ती पोटात असताना कुत्र्याचे वजन किती, आणि बाहेर पडल्यावर किती?

बोयाकी

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस खलनायकांच्या गोटात आहे.

गान आणि आय यांचे यंत्र एकदा बांधून झालेले आहे. मधूनमधून ते सुधारतात, जोडीला दुसरी यंत्रे येतात, पण दर आठवड्याला आपल्याला दिसते ती लढाई. बांधण्याचे कष्ट बघायला मिळतात ते बोयाकीचे. पैसा कमी, वेळ कमी, मालकाचा धाक, आणि तरीही दर वेळी नवी कल्पना. त्याचे यंत्र मोडते, तो होरपळतो, शिक्षा भोगतो, कुरकुर करतो आणि पुन्हा पाना हातात घेतो. अपयशाने न खचणारा तंत्रज्ञ बालमालिकेत शोधायचा तर तो हा, चोरांच्या टोळीतला. प्रेक्षक मुलेही त्याच्यावर रागावत नाहीत. तो दुसरीतला मुलगा यात्तामान जिंकल्यावर टाळ्या पिटायचा, पण कागदावर चित्रे काढायचा ती बोयाकीच्या यंत्रांची.

मग बोयाकी दर वेळी हरतो का? साचाच तसा आहे, हे एक उत्तर झाले. पण आपण त्याला प्रयोगशाळेतला सहकारी समजून बघू. शंभरावर यंत्रे मोडली. प्रत्येक वेळी छोटी यंत्रे कुठल्यातरी फटीतून आत शिरली. दुसऱ्या आठवड्यात त्याने फटी बुजवल्या का? नाही. त्याच्या समोरच्या पाट्यावर नाना तऱ्हेची बटणे असतात आणि तो ती मोठ्या हौसेने दाबतो. कधी कधी स्वतःचेच यंत्र उडवून देणारे बटणही त्यांत असते, बाकीच्यांच्या शेजारी, सहज हाताशी येईल असे. तेच बटण पुढच्या वेळी त्याने झाकणाखाली ठेवले का? नाही. याच जपानमध्ये 1960 च्या दशकात शिगेओ शिंगो हे इंजिनिअर कारखान्यांत ‘पोका-योके’ शिकवत होते. कामगाराने चूक करायची म्हटले तरी करता येऊ नये अशी साच्याची, खाचेची, झाकणाची रचना म्हणजे पोका-योके. बोयाकीला ते कळले असते तर मालिका चौथ्याच भागात संपली असती.

बोयाकीजवळ कल्पना आहे, कौशल्य आहे, चिकाटी आहे. नाही ती नोंदवही. काय मोडले, कुठे मोडले, का मोडले असावे, हे तो लिहीत नाही. त्यामुळे त्याची शंभरावर अपयशे म्हणजे शंभर वेळा घडलेले एकच अपयश आहे. प्रयोग आणि निव्वळ खटपट यांत फरक असतो तो एवढाच.

आणखी एक विनोद या मालिकेत वारंवार येतो. कोणाची स्तुती झाली की मध्येच एक डुक्कर दिसते आणि झाडावर चढते. जपानीत म्हण आहे की चढवून ठेवले तर डुक्करसुद्धा झाडावर चढते. आपण हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, त्यांचे डुक्कर खऱ्या झाडावर चढते. गंमत सोडली तर मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. बोयाकीच्या यंत्राचे कौतुक होते ते चाचणीच्या आधी. यंत्र चालते का हे बघायच्या आत डुक्कर शेंड्यावर पोचलेले असते.

आपल्या वह्या

बोयाकीला हसताना मला माझीच एक वही आठवते. बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षी साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग होता. वीस दोलनांचा वेळ मोजायचा, त्यावरून दोलनकाळ आणि त्यावरून उत्तर. माझे उत्तर 10.9 च्या आसपास आले. पुस्तकात 9.8. मी आणि माझ्या जोडीदारणीने एकमेकींकडे बघितले आणि 9.8 वरून उलटे गणित करून ‘निरीक्षणे’ लिहून टाकली. दोन-तीन ठिकाणी खरे वाटावे म्हणून थोडी चूकही पेरली. आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

कित्येक वर्षांनी विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घेताना एका मुलीचे उत्तर तेवढेच आले. मी तिच्यामागे उभी राहून बघितले. गोळा सोडताना ती ‘एक’ म्हणत होती. म्हणजे ती ‘वीस’ म्हणे तेव्हा दोलने झालेली असत एकोणीस. एकोणीस दोलनांच्या वेळाला विसाने भागले की दोलनकाळ पाच टक्क्यांनी कमी भरतो, आणि उत्तर वर्गावर अवलंबून असल्यामुळे अकरा टक्क्यांनी फुगते. 9.8 चे 10.9 होते. मोजणी शून्यापासून सुरू करायची असते, हा मोजमापशास्त्राचा केवढा मोठा धडा माझ्या त्या चुकीच्या उत्तरात दडलेला होता! मी तो खोडरबराने पुसून टाकला. बोयाकी निदान खोटी नोंद तरी करत नव्हता.

खऱ्या कामात न जमलेल्याची नोंद कशी होते, याचे उदाहरण त्याच जपानमधले. मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या. आत माणूस जाणे शक्य नव्हते. यंत्रमानवांच्या या देशात भट्टीच्या इमारतीत शिरली ती पट्ट्यांवर सरकणारी छोटी यंत्रे. त्यांतल्या ‘क्विन्स’ या यंत्राची संपर्काची तार ऑक्टोबर 2011 मध्ये आत तुटली आणि यंत्र तिथेच राहिले. ऑगस्ट 2024 मध्ये वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना काढायचे ठरले. लांब होत जाणाऱ्या गळासारखे उपकरण आत ढकलायचे होते. ते ढकलणाऱ्या नळ्या चुकीच्या क्रमाने लावल्याचे लक्षात आले आणि काम सुरू होण्याआधीच थांबवले गेले. सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरुवात केली, तर कॅमेऱ्याचे चित्र येईना. कॅमेरे बदलून नोव्हेंबरमध्ये नमुना हाती आला. त्याचे वजन होते सुमारे 0.7 ग्रॅम. आत उरलेला ऐवज अंदाजे 880 टन आहे. नळ्यांचा क्रम चुकणे ही अगदी बोयाकीला शोभणारी चूक. पण इथे ती चूक जाहीर झाली, कारण शोधले गेले, पद्धत बदलली गेली. 0.7 ग्रॅम त्यामुळे मिळाला.

जे खटकते

मालिका डोळे झाकून वर्गात लावावी असे मी म्हणत नाही. दोरोन्जोच्या तोकड्या पोशाखावरून आणि स्फोटात कपडे फाटण्यावरून जे विनोद केले आहेत ते शाळकरी मुलांपुढे नकोत. 1977 साली जपानी पालकांच्या घरात संध्याकाळी ते चालले, म्हणून आपण आज चालवून घ्यावेत असे नाही. आय ही विजेच्या दुकानातली मुलगी, तिला विजेतले कळते असे मालिका सांगते, पण मुखवटा चढला की ती ‘यात्तामान क्रमांक दोन’ असते आणि खाऊ फेकायचा मान क्रमांक एकचा. दुसऱ्या देशांची आणि इतिहासातल्या माणसांची नावे विडंबनासाठी मोडूनतोडून वापरली आहेत. भूगोल किंवा इतिहास तिथून शिकायला जाऊ नये. आणि प्रत्येक स्फोटातून सगळे जण नुसते काळवंडून बाहेर येतात. स्फोट म्हणजे काय ते दिवाळीत हात भाजलेल्या मुलाला विचारावे.

दुसरीकडे, टोळीची भंपक दुकाने मात्र वर्गात चर्चेला उत्तम आहेत. चकचकीत जाहिरात, अशक्य दावा आणि रोख पैसे, ही त्रिसूत्री आपल्या गल्लीतही दिसते. दावा तपासायचा कसा, हा प्रश्न विज्ञानाचाच आहे.

वर्गात करून बघावे

पहिला प्रयोग शाडूच्या मातीचा. मातीची एक गोळी घ्या. खराट्याच्या चार काड्यांचे पाय लावून कुत्रा उभा करा. आता सगळे दुप्पट करायचे. पायाची उंची दुप्पट. जाडी दुप्पट म्हणजे छेद चौपट, म्हणून प्रत्येक पायाला चार काड्यांची जुडी. आणि धडासाठी तेवढ्याच आठ गोळ्या. आधी प्रत्येक काडीवर पाव गोळीचा भार होता, आता सोळा काड्यांवर आठ, म्हणजे अर्ध्या गोळीचा. शिवाय उंच झालेली काडी लवकर वाकते. तिप्पट करू पाहणारा गट कुठे अडकतो ते मुलांनाच शोधू द्या.

दुसरा उपक्रम बोयाकीच्या नोंदवहीचा. ज्या गटाचे शाडूचे कुत्रे कोसळेल त्याने एक पान लिहायचे. काय करायचे होते, काय झाले, नेमके कुठे मोडले, कारण काय असावे, पुढच्या वेळी एकच कोणती गोष्ट बदलणार. ‘एकच’ या शब्दावर भर द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमले ते कळत नाही.

आणि तिसरी सूचना आपल्या सगळ्यांसाठी, माझ्यासकट. विज्ञान प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा : ‘काय जमले नाही आणि त्याचे काय केले’. आज ‘मांडणी’ला गुण आहेत, ‘सादरीकरणा’ला आहेत, ‘प्रत्यक्ष कार्या’ला आहेत. सगळे गुण ‘यात्ता!’ला आहेत. ज्या मुलाचे यंत्र ऐनवेळी अडले त्याने खाली मान घालण्यापलीकडे काय करावे, याची सोय आपण केलेली नाही. म्हणून त्याच्या सरांना ‘काल चालत होतं’ असे म्हणावे लागते.

त्या मुलाच्या नळीच्या जोडापाशी एक थेंब होता. पाणी जिथून बाहेर येते तिथून हवाही आत जाते. पाणी दाबून आकसत नाही, हवा आकसते. दट्ट्याचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात गेला असणार आणि हातापर्यंत पोचलाच नसणार. द्रवाने दाब का पोचवायचा आणि हवेने का नाही, याचा याहून चांगला धडा त्या सभागृहात दुसऱ्या कुठल्या टेबलावर नव्हता. मला फक्त "थेंब कुठून आला रे?" एवढे विचारायचे होते.

मी विचारले नाही, दोन गुण दिले. ही माझ्या नोंदवहीतली नोंद.